टाळेबंदीत गावठाणातले घर कसे चालवावे

कोविडच्या साथीत २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी या काळात जे नियम सांगितले गेले, ते बहुतांशी सोसायटीतला बंद दाराचा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेले होते. घणसोली, गोठिवली, करावे किंवा दिवाळे यांसारख्या नवी मुंबईतल्या गावठाणांत मात्र घराला घर चिकटलेले असते, एकाची खिडकी दुसऱ्याच्या मोरीवर उघडते, ओट्यावर दिवसभर कोणी ना कोणी बसलेले असते आणि वरच्या मजल्यावर भाडेकरूंच्या खोल्या असतात. अशा ठिकाणी प्रत्येक घराने आपापल्यापुरते दार लावून घेतल्याने भागत नाही. ज्यांचा जिना, नळ आणि ओटा सामाईक आहे, त्या सगळ्यांनी मिळून व्यवस्था ठरवावी लागते. पुन्हा अशी वेळ आली तर उपयोगी पडावे, म्हणून ही व्यवस्था येथे मांडली आहे.

सर्वप्रथम बाहेर कोण जाणार हे ठरवावे. तीन-चार घरे मिळून एकच माणूस नेमावा. तो तरुण, धडधाकट आणि मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास नसलेला असावा. प्रत्येक घराने आपली यादी आदल्या रात्रीच फोनवर पाठवावी आणि त्याने बाजारात सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी जाऊन यावे. आणलेले सामान साबणाने धुवत बसण्याची गरज नाही. पहिल्या टाळेबंदीत अनेकांनी कोथिंबीरसुद्धा साबणाच्या पाण्यातून काढली, परंतु हा आजार मुख्यतः बंदिस्त हवेतून आणि जवळच्या सहवासातून पसरतो हे नंतर स्पष्ट झाले. तेवढी मेहनत मास्क नाकावर नीट बसवण्यात आणि खिडक्या उघड्या ठेवण्यात घालावी.

साठवणीच्या बाबतीत आगरी-कोळी घरांना कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही, कारण पावसाळ्याच्या तोंडावर आगोट, म्हणजे पावसाळ्यापुरती साठवण, भरून ठेवण्याची रीत घराघरांत आहे. सुके बोंबील, जवळा, सोडे, वर्षाचा मसाला, तांदूळ, चिंच आणि टांगलेले कांदे एवढे घरात असले की भाजी नसली तरी कालवण होते. मे २०२० मध्ये वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती ११ ते १७ तारखेपर्यंत पूर्ण बंद होती, तेव्हा ज्यांच्याकडे वाल, चवळी आणि मटकी होती त्यांचे फारसे अडले नाही. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे होईपर्यंत दोन दिवस जातात, म्हणून घरातली शेवटची भाजी चिरायला घेतली की त्याच दिवशी वाल भिजत घालावेत. अडचण येते ती मसाला कुटून आणण्याची, कारण डंकावर बायकांची रांग लागते आणि जागा कोंदट असते. मिरच्या घरीच भाजून, डबा नाव लिहून डंकावर ठेवावा आणि कुटून झाल्याचा फोन आला की जाऊन आणावा.

आता सर्वांत कठीण भाग, म्हणजे घरात एखादा माणूस आजारी पडला आणि डॉक्टरांनी त्याला घरीच वेगळे राहण्यास सांगितले तर. त्याला माजघरात ठेवू नये, कारण सगळ्या घराची ये-जा तिथूनच असते. बाहेरच्या बाजूला दार असलेली ओटीची किंवा कडेची खोली द्यावी. टेबल फॅन खिडकीशी, बाहेर तोंड करून लावल्यास खोलीतली हवा घरात न शिरता बाहेर जाते. मात्र गावठाणात ती ‘बाहेर’ची जागा म्हणजे हातभर अंतरावरचे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर असू शकते. तसे असेल तर ती खिडकी बंद ठेवून रस्त्याच्या बाजूची उघडावी आणि शेजाऱ्यांना आजाराची कल्पना स्पष्टपणे द्यावी. लपवून ठेवलेला आजार आळीत फार काळ लपत नाही, आणि कळल्यावर जो दुरावा येतो तो अधिक त्रासाचा असतो.

संडास एकच असेल तर घरातल्या सर्वांचे आटोपल्यावर रुग्णाने शेवटी जावे, त्यानंतर झरोका उघडा ठेवून अर्धा तास कोणीही आत जाऊ नये. स्वच्छतेसाठी ब्लीच वापरताना त्यात संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जेवणाचे ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवावे. भांडी साबणाने घासली की पुरे, वेगळी फेकून देण्याची गरज नाही.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र, बोटाला लावण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नसावी आणि बोट गार पडलेले असल्यास चोळून गरम करावे, नाहीतर आकडा चुकीचा दिसतो. आकडा स्थिर झाल्यावरच वहीत वेळेसह लिहावा. त्यानंतर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावे. साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरेत, आणि आधीच दम लागत असेल तर ही चाचणी करूच नये. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीन अंकांनी अथवा अधिक उतरला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे आणि श्वास जड होत असेल तर १०८ वर फोन करावा. अरुंद आळीत रुग्णवाहिका आत येत नाही, म्हणून माणसाला खुर्चीवर बसवून मुख्य रस्त्यापर्यंत कोण नेईल हे दोन तरुणांशी आधीच बोलून ठेवावे. विलगीकरण कधी संपते याचे नियम बदलत गेले: जुलै २०२० मध्ये लक्षणांपासून किमान दहा दिवस, जानेवारी २०२२ मध्ये चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि दोन्ही वेळा शेवटचे तीन दिवस ताप नसणे आवश्यक होते. त्यामुळे त्या वेळी लागू असलेला नियम महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून विचारून घ्यावा.

भाडेकरूंकडे बहुतेक घरमालकांचे दुर्लक्ष होते. एका खोलीत चार-पाच कामगार राहत असतील तर तिथे आजारी माणसाला वेगळे ठेवणे शक्यच नसते. इमारतीतली एखादी रिकामी खोली किंवा गच्चीवरची शेड तात्पुरती मोकळी करून द्यावी, आणि काम बंद असेपर्यंत भाड्याचा तगादा लावू नये. राज्याच्या गृहनिर्माण विभागानेही एप्रिल २०२० मध्ये भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना घरमालकांना केली होती.

राहिली हळद. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीलाच गाव लोटते, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती, हे लक्षात घेता सर्वांत मोठी काटछाट इथेच करावी लागते. तारीख पुढे नेणे शक्य असेल तर न्यावीच. नसेल तर हळद अंगणात, दिवसाउजेडी आणि फक्त घरच्यांनी लावावी, डीजे ठेवू नये, आणि मांडवाखाली पंगत न बसवता मटण-भाकरीचे डबे घरोघरी पोहोचवावेत. धवलारीण, म्हणजे लग्नातली धवले ही पारंपरिक गाणी म्हणणारी बाई, बहुधा वयस्कर असते, तेव्हा तिला गर्दीत बोलावू नये; तिने तिच्या घरी बसून फोनवर धवले म्हणावेत, ते मांडवातल्या स्पीकरवर लावावेत आणि तिची बिदागी व साडी आदल्या दिवशीच पोहोचती करावी.