तरंगत्या वनस्पती उन्हात काढण्यापूर्वी

आधी जाळी आणा. टब नंतर, रोपं त्याहून नंतर. बडोद्यात ऐन मे महिन्यात अगाशीवर पिस्टिया, जलपर्णी, अझोला आणि डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींचे दोन टब मांडायचे, एक उन्हात, एक सावलीत, आणि एकच वनस्पती दोन्हीकडे किती वेगळी वाढते ते मुलांना दाखवायचं, असा बेत असेल तर पहिली खरेदी हिरव्या शेडनेटची. एक तुकडा 75 टक्के ऊन अडवणारा, एक 50 टक्के. गेल्या उन्हाळ्यात आमची नेमकी तीच राहिली. उन्हातल्या टबातली पिस्टियाची पानं पांढरी पडली, मग कुजली, आणि तुलना करायला काही उरलंच नाही.

नर्सरीत ही रोपं बहुतेक जाळीखाली नाहीतर झाडाखाली वाढलेली असतात. सावलीतलं पान पातळ आणि पसरट असतं. तिथे प्रकाशाचीच टंचाई, म्हणून तो गोळा करायला पान हरितद्रव्य ठासून भरतं. भर दुपारचं ऊन सुमारे 1 लाख लक्स. तेवढा प्रकाश हे पान गोळा तर करतं, पण वापरू शकत नाही, आणि न वापरलेली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडते. उन्हात वाढलेलं पान जाड असतं, त्यात उभ्या पेशींचा थर जास्त भरदार असतो, आणि जादा प्रकाश उष्णता म्हणून सोडून देणारी पिवळी रंगद्रव्यंही जास्त असतात. जुनं पान अगदीच हतबल असतं असं नाही. डकवीडच्या कुळात हे छान दिसतं: प्रकाश तीव्र झाला की पेशीतली हरितलवकं, म्हणजे हरितद्रव्य असलेले कण, बाजूच्या भिंतींना जाऊन चिकटतात, मंद झाला की परत पसरतात. पण पानाची जाडी ते उलगडतानाच ठरते. रोप उन्हाला सरावतं म्हणजे जुनी पानं सुधारतात असं नव्हे, नवी पानं उन्हाची येतात. ती येईपर्यंत जाळी हवी.

किती दिवस, हे विचारू नका. कॅलेंडर नको, पान बघा. पिस्टियाच्या मधोमध तीन-चार नवी, आखूड, जाडसर पानं आली की 75 ची जाळी काढून 50 ची लावा. पुन्हा तशी पानं आली की फक्त 11 ते 4 जाळी. मग मोकळं ऊन. डकवीडचं लवकर उरकतं, चांगल्या पाण्यात ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, म्हणजे पुढची पिढी उन्हातच जन्मते. पिस्टियाला घाई करू नका. आणि जाळी नुसती वरून टाकून भागत नाही, पश्चिमेकडूनही सोडा. चारचं तिरपं ऊन खालून शिरतं आणि वारा सगळी रोपं नेमकी त्याच कोपऱ्यात ढकलतो. जमिनीतल्या झाडाची जागा पक्की असते, यांची नसते. पातळ प्लॅस्टिकच्या नळीचं एक कडं करून, टोकं घट्ट जोडून पाण्यावर सोडा, रोपं त्यातच राहतील.

टब खोल आणि फिक्या रंगाचा. काळं उथळ घमेलं उन्हात पाणी तापवतं, मग पान प्रकाशानं गेलं की उकाड्यानं ते कळत नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा.

जागा आजची सावली बघून ठरवू नका. बडोदं साधारण 22.3 अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या जरा खाली. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला 44 अंशांवर असतो, जूनच्या सुरुवातीला थेट डोक्यावर येतो आणि मग किंचित उत्तरेला जातो. हिवाळ्यात अगाशीवरच्या पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला दिवसभर सावली असते, म्हणून टब तिथे ठेवाल. मे-जूनमध्ये माध्यान्ही त्या जागी सावलीच नसते. सावलीच्या टबालाही जाळी लागते ती म्हणूनच. जानेवारीत सुरुवात करायचा विचार असेल तर उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, होऊ द्या, त्या दिवसांत अगाशीवर टबाला जागा नाही.

रोपं नर्सरीतूनच घ्या, फोटो दाखवून, कारण जळकुंभी म्हटलं की कुणी पिस्टिया देतं, कुणी जलपर्णी. फुकट मिळते म्हणून विश्वामित्रीच्या काठावर अजिबात उतरू नका. त्या नदीत शहराच्या हद्दीतही मगरी आहेत, आणि जलपर्णीच्या थराखाली मगर दिसत नाही. मुलांना घेऊन तर नाहीच.

आता सगळ्यात फसवी गोष्ट, गर्दी. जलपर्णीला मोकळं ऊन मिळालं की देठ आखूड राहतो आणि त्याला हवेनं भरलेला फुगा येतो. सावलीत देठ लांब, सडपातळ, फुगा जवळजवळ नाही. पण भर उन्हातसुद्धा दाटी झाली तर देठ तसेच लांबतात. शेजारची पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा, डोळ्याला जवळपास न दिसणारा दूर-लाल पुढे जाऊ देतात. त्या बदललेल्या प्रमाणावरून रोपाला शेजारी कळतात आणि ते उंच व्हायला लागतं. पिस्टियाची आडवी पानंही दाटीत उभी राहतात. म्हणून दोन्ही टबांत रोपं सारखीच आणि विरळ ठेवा, वाढली की दोन्हीकडून काढा. नाहीतर मुलं गर्दीचा परिणाम सावलीचा म्हणून लिहून घेतील.

अझोला उन्हात लालसर होतं, सावलीत हिरवं राहतं. मात्र फॉस्फरस कमी पडला किंवा थंडी पडली तरी ते लाल होतं, तेव्हा शेणाचं पाणी दोन्ही टबांत एकाच मापानं घाला. माप लिहून ठेवा.

टब भरल्यावर आधी जाळी बांधा, मग रोपं सोडा. उलट क्रमानं नको, एक दुपारसुद्धा नको. ढगाळ आहे म्हणून जाळी काढू नका, ढग सरायला वेळ लागत नाही.

मांडल्या दिवशी पिस्टिया आणि जलपर्णीच्या प्रत्येक रोपाच्या सगळ्यात आतल्या पानाला सैल दोरा बांधा. त्याच्या आतून आलेली पानं ती नवी, तीच मोजायची, जाडी-लांबी त्यांचीच. दोऱ्याबाहेरचं पान नर्सरीच्या सावलीचं आहे, ते दाखवून काही सिद्ध होत नाही.

डासांसाठी दोन्हीकडे गप्पी मासे. पाणी उन्हातल्या टबात रोज घाला, संध्याकाळी. फोटो एकाच वेळी, वरून आणि बाजूनं, पट्टी ठेवून. पहिल्या जोरदार पावसाआधी आटपा, टब ओसंडला की रोपं गटारात जातात. उरलेलं तलावात नाही, नदीत नाही, ओढ्यात नाही. पत्र्यावर पसरून कुरकुरीत वाळू द्या आणि मग खताच्या खड्ड्यात टाका.