टेक्सासचं विमा लायसन्स आणि २४ तासांचा हिशोब: सीई वेळेत कसं पूर्ण करावं

टेक्सासमध्ये विमा एजंटाचं लायसन्स दर दोन वर्षांनी रिन्यू होतं आणि त्याआधी २४ तासांचं 'कंटिन्युइंग एज्युकेशन' पूर्ण व्हावं लागतं. एजंट त्याला नुसतं सीई म्हणतात. अभ्यास फारसा जड नसतो, गाडी अडते ती हिशोबात. कुणी भलत्याच प्रकारचे तास भरून बसतो, कुणाचे तास बरोबर असतात पण नोंद उशिरा होते. ह्यूस्टन किंवा डॅलसला नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी विम्याचं काम करणाऱ्यांनी तर हा हिशोब मुदतीच्या वर्षभर आधीच मांडावा.

सुरुवात तारखेपासून करा. लायसन्सवरची मुदत पाहा, मग सर्कॉन या विमा लायसन्सची कामं होणाऱ्या साइटवर आपला 'नॅशनल प्रोड्यूसर नंबर' (एजंटाचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) टाकून सीईचा उतारा उघडा. आतापर्यंत कोणते तास जमा आहेत, किती कमी आहेत, हे सगळं त्यात दिसतं. मुदतीच्या ९० दिवस आधी रिन्यूअलची खिडकी उघडते. ती उघडण्याआधीच शेवटचा कोर्स संपवायचा, असं धरून चाला. कारण तास तुम्ही स्वतः नोंदवत नाही. कोर्स देणारी संस्था ते टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे, म्हणजे टीडीआयकडे पाठवते आणि त्यात दिवस जातात.

आता २४ ची फोड. त्यातले ३ तास एथिक्सचे, म्हणजे व्यावसायिक नीतिमत्तेचे हवेत. आणि निदान निम्मे, म्हणजे १२ तास, 'क्लासरूम' किंवा 'क्लासरूम इक्विव्हॅलंट' प्रकारचे हवेत. सीईचा एक तास ५० मिनिटांचा धरतात. घोटाळा होतो तो या १२ तासांपाशी. शिक्षकासमोर बसून केलेला वर्ग किंवा शिक्षक हजर असलेला वेबिनार क्लासरूममध्ये मोडतो. काही ऑनलाइन कोर्स मधूनमधून प्रश्न विचारतात आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. त्यांना इक्विव्हॅलंटची मान्यता मिळू शकते. पण पुस्तक किंवा पीडीएफ वाचून शेवटी ७० टक्क्यांची परीक्षा द्यायची, तो झाला सेल्फ-स्टडी. घरबसल्या केला आणि संगणकावर केला, एवढ्यावरून तो क्लासरूम ठरत नाही. पैसे भरण्यापूर्वी कोर्सच्या पानावर टेक्सासचा कोर्स नंबर, तास आणि प्रकार या तिन्ही गोष्टी वाचा. प्रकार लिहिलेला नसेल तर संस्थेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

चूक किती महागात पडते ते पाहा. एखाद्याने स्वस्तातलं पॅकेज घेतलं आणि २४ च्या २४ तास सेल्फ-स्टडीचे केले. त्यातले १२ चालतात, उरलेल्या १२ तासांची तूट राहते. मुदतीत पूर्ण न झालेल्या प्रत्येक तासाला ५० डॉलर दंड आहे. म्हणजे ६०० डॉलर गेले, शिवाय ते १२ तास नव्याने करायचे ते वेगळेच. पॅकेजमध्ये वाचवलेले पंचवीस-तीस डॉलर कुठल्या कुठे गेले!

उलट थोडी आखणी केली तर एकाच कोर्समध्ये दोन गोष्टी साधतात. एथिक्सचे ३ तास वेबिनारने केले की ते एथिक्समध्येही धरले जातात आणि क्लासरूमच्या १२ मध्येही. मग क्लासरूमचे फक्त ९ उरतात. लाइफ (जीवन विमा) आणि प्रॉपर्टी-कॅज्युअल्टी (घर, गाडी वगैरेंचा विमा) अशी दोन लायसन्सं असली तरी तास एकूण २४ च. जादा तास मात्र पुढच्या मुदतीत ढकलता येत नाहीत, आणि एकाच मुदतीत तोच कोर्स पुन्हा केला तर त्याचे तास मिळत नाहीत. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या कोर्सचं नाव आठवत नसेल तर चालेल, याच मुदतीत काय केलं ते मात्र उताऱ्यात तपासूनच नवा घ्या.

कोर्स निवडताना पटकन संपेल तो घेण्याचा मोह होतो. टेक्सासमध्ये घराचा विमा विकणाऱ्याने पुराचा कोर्स आधी घ्यावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनमध्ये घरंच्या घरं पाण्यात गेली, आणि घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही. सरकारी पूरविमा योजनेत राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर मिळतात, तेही सामानाचं कवच वेगळं घेतलं असेल तर. पॉलिसी घेतल्यावर सहसा ३० दिवस थांबावं लागतं. वादळाची बातमी ऐकून फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ३० दिवस तेव्हा सांगून काय उपयोग? ते आधी सांगायचे असतात. गारपीट आणि वाऱ्याच्या डिडक्टिबलचंही, म्हणजे नुकसानीतला जो वाटा आधी घरमालकाने सोसायचा त्याचंही, तसंच. घराचं कवच ४,००,००० डॉलर आणि डिडक्टिबल २ टक्के, तर पहिले ८,००० डॉलर घरमालकाच्या खिशातून जातात. गिऱ्हाईक 'दोन टक्के म्हणजे किरकोळच' असं समजून सही करतं. हा आकडा पॉलिसी देतानाच कागदावर मांडून दाखवायची सवय अशा वर्गातून लागते.

काही विषयांना वेगळं प्रशिक्षण लागतं. सरकारी पूरविमा विकायचा तर एकदाच ३ तासांचं. अॅन्युइटी, म्हणजे पेन्शनसारखे ठरावीक हप्त्यांनी पैसे देणारी योजना, विकण्याआधी ४ तासांचं, आणि पुढेही त्या विषयाचे तास करत राहावे लागतात. लॉंग-टर्म केअरच्या (दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च देणाऱ्या) सरकारी सहभागातल्या 'पार्टनरशिप' पॉलिसीसाठी आधी ८ तास, नंतर दर मुदतीत ४. अशा कोर्सला सीईची मान्यता असेल तर ते २४ मध्येही धरले जातात. म्हणून आधी हे घ्या, मग उरलेल्या जागा भरा.

वर्गाला नोंदणी करताना लायसन्सवर आहे तसंच नाव लिहा. लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असेल आणि नोंदणीत नसेल, किंवा लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर नोंद भलतीकडेच लटकते. प्रोड्यूसर नंबरचा एकेक आकडा जुळवून घ्या. वेबिनारमध्ये हजेरीसाठी पडद्यावर अधूनमधून प्रश्न येतो, त्याचं उत्तर वेळेत द्यायचं असतं. वेबिनार लावून स्वयंपाकघरात गेलात आणि प्रश्न चुकला, तर तास बुडाले.

कोर्स संपला की सर्टिफिकेटची पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा, ती चार वर्षं सांभाळा. काही दिवसांनी उतारा पुन्हा उघडा आणि कोर्स नंबर, तास, तारीख ताडून पाहा. नोंद आली नसेल तर पहिला फोन संस्थेला करा, कारण नोंद करण्याची जबाबदारी तिची आहे. २४ तास पूर्ण दिसले की सर्कॉन किंवा एनआयपीआर या तशाच दुसऱ्या साइटवर अर्ज आणि फी भरून लायसन्स रिन्यू करा. नुसते तास पूर्ण झाल्याने लायसन्स आपोआप रिन्यू होत नाही, हे बरेच जण विसरतात.

मुदत हुकलीच तर पुढचे ९० दिवस हातात असतात. त्यात राहिलेले तास, दंड आणि उशिराची जादा फी, तिन्ही पूर्ण करायची. तोवर नवा धंदा करू नका. ९० दिवसही गेले तर नव्याने अर्ज. गंभीर आजारपण असेल तर मुदत संपायच्या आत, डॉक्टरांच्या कागदांसह, टीडीआयकडे सवलत मागा.

इतर राज्यांत नॉन-रेसिडेंट लायसन्स (तिथे न राहता धंदा करण्याचं) असेल तर साधारणपणे टेक्सासचे तास पुरतात. घरच हलवलं तर नव्या राज्याचा नियम लागू होतो. न्यू जर्सीतही दोन वर्षांना २४ तास, त्यात ३ एथिक्सचे. न्यूयॉर्कमध्ये १५, पण विमा कायदा, एथिक्स आणि भेदभाव टाळणं या विषयांचा प्रत्येकी किमान एक तास त्यात हवा. सामान बांधण्यापूर्वी टेक्सासच्या उताऱ्याची प्रत काढून ठेवा.