पॅच क्लॅम्पमध्ये सील लागत नाहीये? मग या चुका टाळा

पॅच क्लॅम्प म्हणजे काचेच्या बारीक नळीचं, म्हणजे पिपेटचं टोक पेशीच्या पडद्याला चिकटवून तिथला विजेचा करंट मोजायची पद्धत, आणि सील म्हणजे टोक आणि पडदा यांच्यातला घट्ट जोड. ही सील लागेना की आपण आधी ॲम्प्लिफायरला शिव्या घालतो, पण खरं सांगू का, बहुतेक वेळा घोळ पिपेटच्या टोकावरच्या घाणीत असतो. नेहर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ला एकेका आयन चॅनलचा (पडद्यातल्या, आयन आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्राचा) करंट मोजून दाखवला तेव्हा त्यांची सीलसुद्धा मेगाओहममध्येच होती (रेझिस्टन्स जितका जास्त तितकी सील घट्ट), गिगाओहमची, म्हणजे हजार मेगाओहमच्या घरातली सील जमली ती १९८०च्या सुमारास आणि तीही कशामुळे, तर दरवेळी नवी कोरी पिपेट आणि हलकंसं सक्शन! त्यामुळे एकदा पेशीला टेकलेली पिपेट परत वापरायची नाही, कितीही जिवावर आलं तरी. पिपेट त्याच दिवशी ओढायची, आतलं सोल्युशन ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायचं, आणि पॉझिटिव्ह प्रेशर टोक बाथमध्ये (पेशी ठेवलेल्या द्रावात) बुडवायच्या आधी द्यायचं. बरेच जण बुडवल्यावर देतात, तोवर वर तरंगणारा कचरा टोकाला चिकटून मोकळा झालेला असतो. प्रेशर टिकतच नसेल तर पिपेट धरणाऱ्या होल्डरमधली रबरी रिंग झिजली असेल, ती बदला.

सील लागली, पडदा फोडून पेशीत शिरलात आणि दोन मिनिटांत पेशी टम्म फुगली? सोल्युशनची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मोजली नव्हती ना! बाहेर बाथमध्ये ३०० मिलिऑस्मोल असेल तर पिपेटच्या आत २९०च्या आसपास ठेवा.

बेसलाइन, म्हणजे ट्रेसची मूळ रेघ सरकत राहिली तर पिपेटमधल्या चांदीच्या तारेवरचं क्लोराइड उडालंय. तार ब्लीचमध्ये राखाडी होईपर्यंत ठेवा, नीट धुवा, झालं. ट्रेसमध्ये ५० हर्ट्झचा नॉइज (घरच्या विजेची गडबड) असेल तर एकेक प्लग काढत जा आणि सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच ठिकाणी जोडा, चार ठिकाणी जोडल्या की लूप तयार होतो.

माझ्या मते सगळ्यात वाईट चूक म्हणजे सिरीज रेझिस्टन्सकडे (पिपेट आणि पेशी यांच्यामधल्या, करंटच्या वाटेतल्या रेझिस्टन्सकडे) न बघणं, कारण ट्रेस दिसतो झकास आणि आकडे असतात चुकीचे. हिशोब करा, २० मेगाओहम आणि २ नॅनोअँपिअर म्हणजे ४० मिलिव्होल्टची चूक, म्हणजे स्क्रीनवर तुम्ही शून्य लावलंय आणि पेशी ४० मिलिव्होल्ट लांब बसलीये! ही चूक भरून काढणारं ॲम्प्लिफायरचं कॉम्पेन्सेशन लावा, पण जास्त ओढू नका, सर्किट ऑसिलेट झालं की पेशी गेलीच. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा सिरीज रेझिस्टन्सचा आकडा वहीत लिहा, मधे खूप बदलला असेल तर तो डेटा फेकून द्या, कितीही सुंदर दिसत असला तरी.