शहराच्या पाण्याचं नियोजन शिकताना : उद्भवापासून शेवटच्या नळापर्यंत

नोकरीला लागल्यावर माझ्याकडे पहिलं काम आलं ते कमी पावसाच्या पट्ट्यातल्या एका वाढत्या शहराच्या पाणीपुरवठा आराखड्याचं. मला ते सरळ वाटलं. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची, दरडोई लिटरने गुणायचं आणि तेवढं पाणी धरणातून उचलायचं दाखवायचं. आठवड्याभरात तक्ता तयार झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "हे सरासरी पाणी धरणात कोणत्या वर्षी आलं होतं?"

मी जुन्या नोंदी काढून बसले. सरासरीच्या जवळपास जाणारी वर्षं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाकीची एक तर दुथडी भरून वाहिलेली, नाहीतर कोरडी. दोन-चार महापुरांची वर्षं सरासरीला वर ओढून ठेवतात आणि पुराचं बरंचसं पाणी सांडव्यावरून निघून जातं. माझा अख्खा तक्ता अशा पाण्यावर उभा होता, जे बहुतेक वर्षी येतच नव्हतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सरासरीऐवजी वाईट वर्षाकडे पाहायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. मला ते उशिरा कळलं.

हिशेबात याला विश्वासार्हता म्हणतात. ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी म्हणजे चारपैकी तीन वर्षं मिळणारं पाणी. शेतीत एखादा हंगाम पीक बदलून निभावता येतो, पण पिण्याच्या पाण्यात चौथं वर्ष सोडून देता येत नाही. तिथे ९५ टक्के किंवा त्याहून वरचा आकडा धरावा लागतो, आणि तो धरला की कागदावर भरपूर वाटणारं धरण एकदम लहान दिसू लागतं. शिवाय दुष्काळ एकटा येत नाही. केप टाऊनमध्ये २०१५ ते २०१७ अशी ओळीने तीन वर्षं पाऊस कमी झाला. एका कोरड्या वर्षाला पुरेल एवढा साठा तिथे होता, तिसऱ्या वर्षी तो उरला नाही. वर्षामागून वर्ष येणारं पाणी आणि मागणी एकाच आलेखावर बेरजेने मांडून साठा किती हवा ते काढायची रीत अभियंते रिप्पल यांनी १८८३ मध्ये मांडली. संगणकावर सगळं होत असलं तरी ती एकदा हाताने, आलेख कागदावर करून पाहा. सलग वाईट वर्षं साठा कसा पोखरत नेतात, ते डोळ्यांना दिसतं.

नोंदी किती वर्षांच्या आहेत, हेही तपासा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ च्या करारात ठरलं, तेव्हा हाताशी असलेली वर्षं नेमकी ओलसर होती. नदीत जेवढं पाणी खात्रीने नव्हतंच, तेवढं वाटून झालं आणि त्याचा ताण शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही. आणि पाऊस दहा टक्के घटला की धरणात येणारं पाणीही दहाच टक्के घटेल, असं धरू नका. बऱ्याचदा ते वीस ते तीस टक्के घटतं, कारण तहानलेली जमीन आपला वाटा आधी घेते. पर्थच्या धरणांनी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हे सोसलं आहे.

आता साठ्याकडे येऊ. पाच लाख वस्ती, दरडोई १२० लिटर, म्हणजे रोज ६ कोटी लिटर. वर्षाला साधारण २२ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. आता असा तलाव डोळ्यांसमोर आणा, ज्याचा पाण्याखालचा पसारा सरासरी १० चौरस किलोमीटर आहे. कोरड्या हवेत उघड्या पाण्याचा वर्षाला दोन मीटर थर सहज उडून जातो. म्हणजे २० दलघमी. शहर जेवढं पिणार, जवळजवळ तेवढंच ऊन पिणार! म्हणून उथळ, पसरट तलाव आणि खोल, अरुंद तलाव यांची क्षमता कागदावर सारखी असली, तरी कामाला सारखी येत नाही.

गाळाचं मात्र मला सांगून पटलं नसतं, ते बघावं लागलं. एका जुन्या तलावाची क्षमता मी मूळ आराखड्यातून जशीच्या तशी उचलली होती. मग आम्ही होडीतून खोली मोजायला गेलो. दोरीला शिशाचं वजन बांधलेलं, दर मीटरला गाठ. नकाशात नऊ मीटर खोली होती तिथे दोरी सहाव्या गाठीला सैल पडली. वजन वर ओढलं तर त्याला काळा, गुळगुळीत चिखल चिकटून आला. तो चिखल मी बोटांनी पुसला तेव्हा लक्षात आलं, की माझ्या तक्त्यातलं एवढं पाणी जागेवर नाहीच. गाळ मृतसाठ्यातच, म्हणजे तळाच्या न उचलता येणाऱ्या पाण्यातच बसतो असं पुस्तकातलं चित्र सांगतं. प्रत्यक्षात तो नदी तलावाला मिळते त्या वरच्या टोकापासून साचत येतो आणि उपयुक्त साठाही खातो. सर्वेक्षण किती जुनं आहे हे विचारल्याशिवाय क्षमतेचा आकडा घेऊ नका.

मागणीच्या अंदाजावर मी फार थांबणार नाही, त्याची सूत्रं कुठेही मिळतील. एवढंच लक्षात ठेवा की लोकसंख्या वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत असेल तर ती चौदा वर्षांत दुप्पट होते, आणि ती शहरभर सारखी वाढत नाही, कडेच्या वस्त्यांमध्ये वाढते. तिथे जलवाहिनी सगळ्यात शेवटी पोचते.

गळतीवर मात्र थांबायलाच हवं. नव्या उद्भवाच्या, म्हणजे पाण्याच्या स्रोताच्या शोधात आपण लांब बघतो आणि हाताशी असलेलं पाणी जमिनीखाली वाहून जात असतं. नळाशी ६ कोटी लिटर पोचवायचे आणि वाटेत ३० टक्के जात असतील, तर उचलावे लागतात साधारण साडेआठ कोटी. आणि ते फुकट चढत नाहीत. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, सुमारे ०.४ युनिट वीज लागते. गळलेल्या पाण्यालाही तेवढीच.

गळती मोजायची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. गाव झोपलेलं असतं, वापर जवळपास थांबतो, तरीही मीटरवर जो प्रवाह दिसतो त्यातला बहुतेक गळतीचा. समजा एका विभागात ४,००० जोडण्या आहेत आणि रात्री ताशी ३० घनमीटर प्रवाह दिसतो. जोडणीमागे ताशी दोन लिटर खरा वापर धरला तर ८ घनमीटर झाले. उरलेले २२ घनमीटर गळतात, म्हणजे दिवसाला पाच लाख लिटरच्या आसपास. जिथे पाणी पाळीने सोडतात तिथे ही चाचणी सरळ लागत नाही. घरोघरच्या टाक्या भरेपर्यंत पुरवठा चालू ठेवावा लागतो, मगच रात्रीचा आकडा खरा मानायचा.

अशाच एका रात्री मी एका अनुभवी व्हॉल्व्हमन काकांबरोबर फिरत होते. मीटरचा काटा काही खाली येत नव्हता. काकांनी लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि मग सळई माझ्या हातात दिली. "ऐका मॅडम, बोलतेय ती." बारीक, न थांबणारा, शिट्टीसारखा आवाज होता. आम्ही चेंबरमागून चेंबर ऐकत गेलो आणि आवाज मोठा होत गेला. जिथे तो सगळ्यात मोठा होता, तिथली जमीन वरून कोरडी ठणठणीत! दुसऱ्या दिवशी खोदल्यावर कळलं, फुटलेल्या सांध्यातून पाणी थेट शेजारच्या जुन्या नाल्यात जात होतं. रस्त्यावर येणारी गळती लोक ओरडून दाखवतात, ती चार दिवसांत दुरुस्त होते. न दिसणारी महिनोन्‌महिने चालते. संगणकावरच्या माझ्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) त्या भागाला गळती जवळपास नव्हतीच. काकांच्या डोक्यात त्या भागाचा नकाशा माझ्या नकाशापेक्षा पक्का होता, आणि त्यानंतर कुठल्याही विभागाचं काम मी तिथल्या व्हॉल्व्हमनशी बोलल्याशिवाय सुरू केलं नाही.

दाबाचंही असंच आहे. दाब कमी केला की साधारण त्याच प्रमाणात गळती घटते. केप टाऊनने २०१८ मध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली, ती सगळ्यांना माहीत आहे. पण त्याबरोबर विभागवार दाब कमी करण्याचं कामही तिथे मोठ्या प्रमाणावर झालं. फक्त एक काळजी घ्या : दाब शून्यावर जाऊ देऊ नका. वाहिनी रिकामी झाली की त्याच फटींतून बाहेरचं सांडपाणी आत खेचलं जातं. आज कावीळ किंवा जुलाबाची साथ कुठल्या गल्लीत आहे, हे आरोग्य विभागाला विचारून वाहिन्यांच्या नकाशावर मांडून बघा, बरेचदा उत्तर तिथेच सापडतं.

नवीन पाणी आणायचंच असेल तर ते कुठलं, एवढा एकच प्रश्न पुरेसा नाही. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात १९९२ मध्ये कोलोरॅडोचं पाणी शुद्ध करून थेट नळांना दिलं. पाणी पिण्यायोग्य होतं, पण त्याचं रसायन आधीच्या भूजलापेक्षा वेगळं होतं. जुन्या वाहिन्यांमधला गंज सुटला आणि घराघरांत तांबूस पाणी आलं. १९९४ मध्ये ते थांबवावं लागलं. पुढे तेच पाणी जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून उपसायची पद्धत बसवली आणि ती टिकली. नामिबियातल्या विंडहूकने १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पुरवठ्यात मिसळलं आहे आणि २००२ मध्ये दिवसाला २१,००० घनमीटर क्षमतेचं नवं केंद्र उभारलं. तिथे कारखान्यांचं सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळं ठेवलेलं आहे. पुनर्वापराचा विचार करायचा असेल तर मलवाहिन्यांचा आराखडा पहिल्या दिवसापासून टेबलावर हवा.

भूजल मी वाईट वर्षासाठी राखून ठेवते. चांगल्या पावसात बोअर बंद ठेवा, भरू द्या. खोल जावं तसं काही खडकांत फ्लोराइड वाढतं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे, तेव्हा तपासणीशिवाय बोअर जोडू नका. आणि कुठल्याही उद्भवावर आधीपासून कुणीतरी जगत असतं. खालच्या गावांची शेती, गुरं, विहिरी. त्यांच्याशी बोलणं हा प्रकल्प मंजूर झाल्यानंतरचा विषय नाही. मी एका बैठकीत शहराची गरज आकड्यांत मांडली, तेव्हा समोरच्या शेतकऱ्याने फक्त विचारलं, "आमचं किती धरलंय यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांना तसं सांगताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून तक्त्यात तो रकाना मी पहिला भरते.

अभ्यासाचं म्हणाल तर जलविज्ञान आणि संख्याशास्त्र यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. वाहिन्यांच्या जाळ्याच्या गणितासाठी १९९३ पासून मोफत मिळणारं ईपानेट हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, नकाशांसाठी क्यूजीआयएस शिका. पण प्रतिमानातला दाब आणि प्रत्यक्ष नळावरचा दाब जुळवल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नका. दाबमापी स्वतःजवळ ठेवा आणि तो टाकीजवळ न लावता शेवटच्या टोकाच्या वस्तीत, पाणी सुटायच्या वेळी लावा. काही ठिकाणी काटा हलतच नाही.

पहिल्या महिन्यात आणखी एक करा. धरणावरच्या पट्टीचं रोजचं वाचन कोण घेतं ते शोधून काढा आणि एकदा सकाळी त्या माणसाबरोबर पट्टीपर्यंत चालत जा. वाचन खरंच रोज होतं का, पाणी खूप खाली गेल्यावर पट्टी पुरते का, मीटर बंद होता तेव्हा वहीत काय लिहिलं, हे त्याला विचारा. मग त्या वह्या मागून घ्या, जितक्या जुन्या मिळतील तितक्या, आणि सगळ्यात कोरड्या वर्षापासून वाचायला लागा.