अमेरिकेतलं शैक्षणिक कर्ज थकलं, पगार कापला जाऊ लागला: माझा अनुभव (2018-19)

लक्षण असं: पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) कपातीची एक नवी ओळ आली आणि हाती येणारा पगार 15 टक्क्यांनी घटला. फेडरल (केंद्र सरकारच्या) कर्जाचा हप्ता 270 दिवस चुकला की डिफॉल्ट, म्हणजे कर्ज अधिकृतपणे थकीत. मग कोर्टात न जाताही सरकार पगार कापू शकतं. 30 दिवसांची नोटीस जुन्या घरी गेली होती, त्यामुळे सुनावणी मागून कपात रोखायची मुदत हुकली.

एचआरच्या हातात काही नव्हतं. 200 डॉलर जादा भरले, डिफॉल्ट तसंच. कपात चालू असल्याने कन्सॉलिडेशनही (जुनं कर्ज नव्या कर्जात बदलून घेणं) नाकारलं. डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी चाललं ते 'रिहॅबिलिटेशन', म्हणजे ठरलेले हप्ते वेळेवर भरून डिफॉल्टमधून बाहेर पडायची सोय. फोनवर हाच शब्द वापरा, नुसतं 'हप्ता बांधून द्या' म्हणू नका. आधी सरकारी साइटवर लॉगिन करून कर्ज कोणाकडे आहे ते पाहिलं, मग फोन. सांगितलेला हप्ता झेपेना, म्हणून उत्पन्न-खर्चाचा फॉर्म मागितला. भाडं, किराणा, गाडीचा विमा, सगळं लिहिलं. रक्कम खाली आली. करारावर सही करून परत पाठवला.

10 महिन्यांत 9 हप्ते, प्रत्येक देय तारखेपासून 20 दिवसांच्या आत. पगारातून कापलेले पैसे यात धरत नाहीत, म्हणजे पाच महिने दुहेरी भुर्दंड. पाचव्या हप्त्यानंतर कपात थांबवायला लेखी कळवलं. ओळ गेली.

नवव्यानंतर क्रेडिट रिपोर्टवरचा डिफॉल्ट निघाला, उशिरा भरलेल्या हप्त्यांच्या नोंदी मात्र राहिल्या. कर्ज नव्या सर्व्हिसरकडे (हप्ते घेणाऱ्या कंपनीकडे) जाताच उत्पन्नावर आधारित हप्त्याचा अर्ज केला. आणि हो, नोंदीतला जुना पत्ता बदलून घेतला.