नागपूरहून कनोहचा दगडी पूल बघायला जायचंय? मग हे वाचा

कालका-शिमला लाईनवरचा ५४१ नंबरचा पूल, १८९८ चा, चार मजली दगडी कमानी एकावर एक, एकूण ३४, खरंच डोळे भरून बघावा असा आहे जी! आधी नागपूरहून दिल्ली गाठा, तिथून कालका, आणि कालक्याहून सकाळचीच टॉय ट्रेन पकडा, तिकीट आधीच बुक करा, सुट्ट्यांत मिळत नाही. पूल कंडाघाट आणि कनोहच्या मधात येतो, कंडाघाट गेलं की मोबाईल हातात ठेवा, गाडी हळू असते पण पूल छोटा आहे, वळणावर आपलेच पुढचे डबे कमानींवरून जाताना दिसतात तो क्षण सोडू नका. रुळावर उतरून फोटो अजिबात नको, गाडी कधी वळणावरून येईल सांगता येत नाही.

पावसाळा टाळा, दरडी कोसळतात. मार्च-एप्रिल बेस्ट, स्वेटर मात्र घ्याच.

आणि जायच्या आधी आपल्या मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम नक्की बघा, आपली जुनी सातपुड्याची छोटी गाडी पण कालका-शिमल्यासारख्याच अडीच फुटी रुळांवर धावायची.