भिरभिऱ्याची टोकं जुळेनात तेव्हा

गोधडीसाठी भिरभिऱ्याचा ब्लॉक, म्हणजे त्रिकोणांच्या तुकड्यांतून भिरभिऱ्याची नक्षी साधणारा चौकोन, जोडत होते. रंग छान दिसत होते, पण मधोमध आठ त्रिकोणांची टोकं काही केल्या एकत्र येईनात, आणि ब्लॉकच्या कडा लाटेसारख्या फुगत होत्या.

कारण कापडातच होतं. त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, कापली जाते आणि उरेब कड नुसत्या हाताळण्यानेही ताणते. म्हणून आता मी सुटे त्रिकोण कापतच नाही. गडद आणि फिका असे ४ इंचांचे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवते, कर्णरेषा आखते, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घालते आणि मगच रेषेवर कापते. दोन दुरंगी चौकोन तयार! उरेब कड शिवणीत आधीच बांधली गेलेली असते.

इस्त्री मात्र घासायची नाही, वरून दाबून उचलायची. माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेली कापडाची कड, गडद कापडाकडे वळवायची. मग पट्टीवरची ४५ अंशांची रेषा शिवणीवर बसवून प्रत्येक चौकोन साडेतीन इंचांचा छाटायचा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण सगळी अचूकता इथेच येते.

चार चौकोन जोडताना समोरासमोरची माया विरुद्ध दिशांना ठेवली की शिवणी एकमेकींत घट्ट बसतात, बोटाला कळतं. तिथेच टाचणी. शेवटची शिवण घातल्यावर मध्यावर तिच्या मायेत आलेले आधीच्या शिवणींचे दोन-तीन टाके उसवून माया गोल फिरवली की मधली गाठही सपाट होते. ब्लॉक साडेसहा इंच, अगदी चोख!